महाराजा ते सामान्य माणूस : मुंबईतील विमानसेवेचे धोरण आणि प्रवाशाचे स्थान (१९३२–२०२५)

प्रस्तावना

भारतातील नियमित विमानसेवेचा इतिहास हा बऱ्याच अंशी मुंबईचा इतिहास आहे. टाटांची पहिली टपालसेवा जुहूच्या मैदानावर उतरली, एअर इंडियाचा महाराजा मुंबईतच रेखाटला गेला आणि १९९१ नंतरच्या खासगी कंपन्यांपैकी ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट या कंपन्यांनी आपला कारभार याच शहरातून चालविला. या इतिहासाची मांडणी सामान्यतः दोन अंगांनी होते. एक तर ती संस्थापकांच्या कर्तृत्वाची गाथा असते, नाही तर कंपन्यांच्या नफ्या-तोट्याचा ताळेबंद असतो. या दोन्हींमध्ये ज्याच्यासाठी विमान उडते तो प्रवासी मात्र पार्श्वभूमीवर राहतो.

प्रस्तुत निबंधात प्रवाशाला केंद्रस्थानी ठेवून या प्रवासाचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक कालखंडातील विमान कंपनीने आपल्या प्रवाशाची कोणती प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवली, त्या प्रतिमेमागे कोणते आर्थिक व शासकीय धोरण होते आणि त्याचा प्रवाशाच्या प्रत्यक्ष अनुभवावर कोणता परिणाम झाला, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. विमानप्रवासाची सुरक्षितता हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही.

हा विषय भिवंडीसारख्या शहरातून अभ्यासण्यास एक कारण आहे. भिवंडी ही मुंबईच्या परिघावरील यंत्रमागनगरी. येथे विमानतळ नाही. तथापि आखाती देशांत नोकरीसाठी गेलेले कुटुंबीय, हजयात्रेकरू आणि व्यापारी यांच्यामुळे मुंबईचा विमानतळ हा येथील समाजजीवनाचा भाग झालेला आहे. असा प्रवासी हौसेने क्वचित आणि गरजेने वारंवार प्रवास करतो. सेवा मोडली की हॉटेलात उतरण्याची किंवा ऐन वेळी दुसरे महागडे तिकीट काढण्याची त्याची ऐपत असेलच असे नाही. म्हणूनच विमानसेवेच्या धोरणाची खरी परीक्षा अशा प्रवाशापाशी होते, असे येथे गृहीत धरले आहे.

टपालाचे विमान (१९३२–१९४६)

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर आणले. विमानात प्रवासी नव्हता, टपाल होते. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेले टपाल पुढे मुंबई व मद्रासला पोहोचविणे हा या सेवेचा हेतू होता. मुंबईहून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला.

या सेवेची आर्थिक रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारने कंपनीला अनुदान दिले नाही. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनाप्रमाणे मोबदला देण्याचा करार झाला. पहिल्या वर्षात कंपनीने १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण केले, सुमारे १० टन टपाल वाहिले आणि ६० हजार रुपयांचा नफा मिळविला. याच वर्षात प्रवासी होते अवघे १५५. म्हणजे सरासरीने दर आठवड्याला तीनच. उत्पन्नाचा आधार टपाल होते. प्रवासी हा टपालाबरोबर जागा असल्यास नेला जाणारा जादा भार होता.

सोयींची अवस्थाही त्यास साजेशीच होती. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. त्यामुळे दर पावसाळ्यात कंपनीला आपला तळ पुण्यास येरवड्याच्या परिसरातील मैदानावर हलवावा लागे. तथापि टपालाच्या करारामुळे एक शिस्त आपोआप निर्माण झाली. टपाल ठरल्या वेळी पोहोचणे बंधनकारक होते, म्हणून विमानही ठरल्या वेळी निघे. या काळातील वक्तशीरपणाचा लाभ प्रवाशाला मिळाला, परंतु तो त्याच्यासाठी योजिलेला नव्हता. सेवा कोणत्या कराराने बांधलेली आहे यावर तिची गुणवत्ता अवलंबून असते, हा या आरंभीच्या पर्वाचा बोध आहे आणि पुढील विवेचनात तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

महाराजाचा पाहुणा (१९४६–१९७८)

२९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले. त्याच वर्षी कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि मुंबईतील जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरातसंस्थेचे चित्रकार उमेश राव यांनी महाराजाची प्रतिमा साकारली. टोकदार मिशांचा, पगडी घातलेला, कमरेत वाकून स्वागत करणारा हा महाराजा पुढे कंपनीचे बोधचिन्हच ठरला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि या प्रतिमेला आंतरराष्ट्रीय रंगमंच मिळाला.

ही प्रतिमा निव्वळ विनोदबुद्धीतून जन्मली नव्हती. तिच्यामागे निश्चित व्यापारी धोरण होते. लंडनच्या मार्गावर ब्रिटिश कंपनीशी स्पर्धा होती आणि भाडे आंतरराष्ट्रीय करारांनी बांधलेले होते. भाडे कमी करून प्रवासी ओढता येत नसेल, तर आतिथ्य वाढवूनच ओढावा लागतो. म्हणून खानपान, सजावट, परिचारिकांचा पोशाख यांवर भर देण्यात आला. चहाची चव, खुर्चीचा कल, पडद्यांची स्वच्छता अशा बारीकसारीक बाबींवर अध्यक्ष जे. आर. डी. टाटा स्वतः टिपणे लिहून पाठवीत, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

या काळातील उत्तम सेवेचे श्रेय अनेकदा केवळ टाटांच्या व्यक्तिमत्त्वाला दिले जाते. ते अंशतः योग्यच आहे. परंतु त्या प्रवाशाला दुसऱ्या कंपनीने जाण्याची मुभा होती, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. महाराजा वाकत होता, कारण पाहुण्यासमोर दुसऱ्याही घराचे दार उघडे होते.

राष्ट्रीयीकरण आणि देशांतर्गत मक्तेदारी (१९५३–१९९१)

देशांतर्गत सेवेची स्थिती वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातील डाकोटा विमाने स्वस्तात उपलब्ध झाली आणि बाजारपेठेच्या मानाने फार अधिक कंपन्यांना परवाने मिळाले. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील हवाई वाहतूक चौकशी समितीने या अतिरिक्त परवान्यांवर बोट ठेवले आणि कंपन्यांनी एकत्र यावे असे सुचविले. अखेर १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्यान्वये १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्यांच्या एकत्रीकरणातून इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले.

राष्ट्रीयीकरणाच्या बाजूने सबळ कारणे होती. बुडत्या कंपन्यांकडून दूरच्या प्रदेशांना सेवा मिळणे शक्य नव्हते. सार्वजनिक व्यवस्थेने काही उल्लेखनीय उपक्रमही चालविले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचे उदाहरण महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत विमाने आपापल्या ठिकाणी परतत. आज ज्याला 'हब' म्हणतात, ती रचना नागपुरात तेव्हाच प्रत्यक्षात आलेली होती. राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने ही सेवा पुढे चालविली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या वायुदूतने लहान शहरांना जोडण्याचा प्रयत्न केला.

तरीही देशांतर्गत प्रवाशाचे स्थान हळूहळू घसरले. भाडे शासनाच्या संमतीने ठरे, विमानांची खरेदी शासकीय मंजुरीवर अवलंबून असे आणि मागणी पुरवठ्यापेक्षा कायम अधिक राही. ज्या व्यवस्थेत जागा कमी व इच्छुक अधिक असतात, तेथे तिकीट मिळणे हीच कृपा ठरते. प्रतीक्षायादी, ओळखीपाळखी, अधिकाऱ्यांचा राखीव कोटा ही त्याची अपरिहार्य अंगे होत. फेब्रुवारी १९९० मध्ये बंगळूर येथील अपघातानंतर शासनाने एअरबस ए-३२० विमाने काही महिने जमिनीवर ठेवली, तेव्हा एकाच कंपनीवर विसंबलेल्या देशाची वाहतूक किती नाजूक होती हे स्पष्ट झाले. येथे प्रवासी पाहुणा नव्हता आणि ग्राहकही नव्हता. तो रांगेतील नागरिक होता.

आखात, हज आणि मुंबईमागचा प्रदेश

१९७० च्या दशकात आखाती देशांत तेलाच्या उत्पन्नातून बांधकामे उभी राहू लागली आणि कोकणातून, तसेच ठाणे जिल्ह्यातून कामगारांचा ओघ तिकडे वळला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक नवा प्रवासी दिसू लागला. गवंडी, सुतार, वाहनचालक, कारकून. महाराजाच्या कल्पनेतील पाहुण्याशी त्याचे साम्य नव्हते. मात्र कंपनीच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार होता.

या मार्गावरील भाड्याचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. दोन देशांमध्ये आठवड्याला किती आसने चालवावयाची हे द्विपक्षीय करारांनी ठरते. आसनांची संख्या मर्यादित आणि ईद, उन्हाळी सुटी अशा काळात मागणी मोठी, त्यामुळे भाडे चढते. त्यात २००४ मध्ये शासनाने असा नियम केला की, भारतीय कंपनीला परदेशी उड्डाण करावयाचे असल्यास पाच वर्षांचा देशांतर्गत अनुभव व वीस विमाने असावीत. नव्या कंपन्यांना या बाजारपेठेपासून दूर ठेवणारा हा नियम २०१६ मध्ये सौम्य करण्यात आला. मधल्या बारा वर्षांत त्याचा लाभ जुन्या कंपन्यांना झाला. मर्यादित आसनांच्या चढ्या भाड्याचा भार मात्र वर्षातून एकदा घरी येणाऱ्या कामगारावर पडला.

दुसऱ्या बाजूस, याच कामगाराला सार्वजनिक विमानसेवेने दिलेला आधार विसरता येणार नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर एअर इंडियाने अम्मानहून मुंबईला ४८८ उड्डाणे करून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले. यातील कित्येकांजवळ तिकिटाचे पैसेही नव्हते. केवळ नफ्याच्या हिशेबाने चालणाऱ्या कंपनीकडून अशा कामाची अपेक्षा करता आली नसती. म्हणून मक्तेदारीची चिकित्सा करताना सार्वजनिक जबाबदारीचे हे मूल्य वेगळे काढून पाहावे लागते.

हजयात्रेचे उदाहरण तिसरा पैलू दाखविते. मुंबईहून जेद्दाहला जाणारी यात्रेकरूंची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली आणि हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी विमान हाच मार्ग उरला. शासन विमानभाड्यासाठी अनुदान देई. परंतु ते यात्रेकरूच्या हाती येत नसे, विमान कंपनीला मिळे. यात्रेकरूला कंपनी, दिवस वा वेळ निवडण्याची मुभा नव्हती. मे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपविण्याचा आदेश दिला आणि शासनाने ते २०१८ मध्येच बंद केले. अनुदानावरील वाद प्रामुख्याने धार्मिक व राजकीय भाषेत झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, ज्याच्या नावाने पैसा खर्च होतो त्याच्या हाती निवड नसेल, तर त्या खर्चाचा लाभ त्याला कितपत मिळाला हे सांगणे कठीण होते.

खुले आकाश (१९९१–२००३)

आर्थिक उदारीकरणाच्या आरंभी खासगी कंपन्यांना 'एअर टॅक्सी' या नावाने प्रवेश मिळाला. ईस्ट-वेस्टने १९९२ मध्ये, तर जेट एअरवेज व दमानिया यांनी १९९३ मध्ये सेवा सुरू केली. १ मार्च १९९४ पासून १९५३ चा कायदा रद्द झाला आणि राष्ट्रीयीकृत मक्तेदारीचा कायदेशीर अंत झाला. त्याच वेळी मोठ्या शहरांमधील फायदेशीर मार्गांवर उडणाऱ्या कंपन्यांनी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर व बेटे अशा प्रदेशांतही ठराविक प्रमाणात सेवा द्यावी, असे बंधन घालण्यात आले.

मुंबईच्या प्रवाशाला दीर्घ कालावधीनंतर पर्याय मिळाला आणि त्याचा परिणाम तातडीने जाणवला. वेळेवर उड्डाण, गरम जेवण, हसतमुख कर्मचारी यांची चर्चा होऊ लागली. दमानियाने आतिथ्यावर, जेटने वक्तशीरपणावर व उड्डाणांच्या वारंवारितेवर भर दिला. स्पर्धेमुळे इंडियन एअरलाइन्सलाही आपली सेवा सुधारावी लागली. पहिल्या पर्वात टपालाच्या कराराने जे साधले होते, ते येथे स्पर्धेने साधले.

परंतु यातील बहुतेक कंपन्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकल्या नाहीत. या व्यवसायातील खर्चाचा मोठा भाग आधीच बांधलेला असतो. विमानाचे भाडे, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे शुल्क हे सर्व प्रवासी कमी असले तरी द्यावेच लागते. इंधन परकीय चलनाच्या दराबरोबर वरखाली होते आणि त्यावर राज्यांचा कर असतो. उड्डाण झाल्यावर रिकामी राहिलेली खुर्ची पुन्हा विकता येत नाही. म्हणून कंपनी अडचणीत आली की मिळेल त्या भाड्याला तिकीट विकते, आणि त्यामुळे अधिकच अडचणीत येते. अशा व्यवसायात स्पर्धा ही आपोआप टिकणारी वस्तू नव्हे.

सामान्य माणसाचे विमान (२००३–२०१२)

ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. या कंपनीने आपल्या प्रचारासाठी निवडलेली प्रतिमा होती आर. के. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस'. महाराजा आणि सामान्य माणूस या दोन्ही प्रतिमा मुंबईतच निर्माण झाल्या, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पहिली प्रतिमा यजमानाची होती आणि दुसरी थेट प्रवाशाची.

स्वस्त विमानसेवेचे तंत्र अमेरिका व युरोपात आधीच सिद्ध झालेले होते. शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवावीत, म्हणजे देखभाल व प्रशिक्षणाचा खर्च घटतो. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवून दिवसाकाठी अधिक उड्डाणे करावीत. तिकीट इंटरनेटवर विकावे, जेवण व जादा सामान यांचे वेगळे पैसे घ्यावेत. आधी तिकीट काढणाऱ्यास स्वस्त आणि ऐन वेळी काढणाऱ्यास महाग अशी चढती श्रेणी ठेवावी. ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झालेल्या इंडिगोने हे तंत्र अधिक शिस्तीने राबविले. याउलट मे २००५ मध्ये सुरू झालेल्या किंगफिशरने प्रवाशाला पुन्हा 'पाहुणा' संबोधून थाटाचा मार्ग धरला आणि पुढे एअर डेक्कनच ताब्यात घेतली. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली. आतिथ्याचा खर्च भाड्यातून भरून निघत नव्हता.

स्वस्त सेवेने विमानप्रवासाचा सामाजिक पाया निश्चितपणे रुंदावला. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली. १५५ प्रवाशांपासून सुरू झालेल्या वाटचालीत हा आकडा सामान्य नव्हे. परंतु चढत्या भाडेश्रेणीची एक बाजू अशी की, ज्याचा प्रवास आधी ठरू शकतो त्याला विमान स्वस्त, आणि ज्याला मृत्यू, आजारपण, मुलाखत अशा कारणाने अचानक निघावे लागते त्याला ते महाग. गरज जितकी तीव्र तितके भाडे अधिक, हे या रचनेचे अंगभूत तत्त्व आहे.

लहान शहरांचा प्रश्नही केवळ स्वस्ताईने सुटला नाही. २०१६ मध्ये आखलेल्या 'उडान' योजनेत शासनाने भाड्यावर मर्यादा घालून कंपन्यांना तफावतीची रक्कम देऊ केली. एप्रिल २०१७ मध्ये नांदेड–हैदराबाद ही सेवा सुरू झाली. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मात्र प्रारंभीच्या टप्प्यांत मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. अनुदान संपताच कंपनी जाते, हा वायुदूतच्या काळापासूनचा अनुभव नव्या रूपात पुन्हा आला.

बुडणाऱ्या कंपन्या आणि प्रवाशाचे पैसे

१७ एप्रिल २०१९ रोजी अमृतसरहून मुंबईला आलेले उड्डाण हे जेट एअरवेजचे अखेरचे उड्डाण ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला. मे २०२३ मध्ये मुंबईचीच गो फर्स्ट थांबली. दरम्यान २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे गेली.

या घटनांमधील एक बाब अभ्यासकांकडून पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. विमानाचे तिकीट हे प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी पूर्ण पैसे भरून घेतले जाते. आर्थिक भाषेत प्रवासी हा कंपनीला बिनव्याजी व बिनतारण कर्ज देत असतो. कंपनी चालू आहे तोवर हे जाणवत नाही. ती बंद पडली की बँका व विमानांचे मालक यांच्याजवळ तारण किंवा करार असतो. प्रवाशाजवळ केवळ तिकिटाचा क्रमांक असतो आणि त्याला इतर धनकोंच्या रांगेत दावा दाखल करावा लागतो. आखातात परतण्यासाठी तिकीट काढलेल्या कामगाराला ही रांग परवडत नाही. कामावर रुजू होण्याची तारीख चुकू नये म्हणून त्याला दुसऱ्यांदा, आणि तेही चढ्या भावाने, तिकीट घ्यावे लागते.

मक्तेदारीचे नवे रूप

कंपन्या बुडत गेल्या तसा बाजार आकुंचन पावला. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोकडे होते आणि एअर इंडिया समूह धरता दोन समूहांकडेच सुमारे नऊ दशांश बाजार होता. याचा अर्थ डिसेंबर २०२५ च्या आरंभी स्पष्ट झाला. वैमानिकांच्या विश्रांतीविषयीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. त्यांना अनुरूप नियोजन न झाल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे काही दिवसांत रद्द झाली. उरलेल्या विमानांचे भाडे इतके चढले की, ६ डिसेंबर रोजी शासनाला अंतरानुसार कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. इतकेच नव्हे, तर रात्रपाळीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूटही द्यावी लागली.

१९९० मधील प्रसंगाशी याचे साम्य विचार करावयास लावणारे आहे. तेव्हा एका सरकारी कंपनीच्या विमानांवर देश अवलंबून होता, आता एका खासगी कंपनीच्या वेळापत्रकावर. मालकी बदलली, प्रवाशाची असहायता बदलली नाही. नियम करणाऱ्या यंत्रणेलाच माघार घ्यावी लागते, इतकी एखादी कंपनी मोठी झाली की ती कार्यक्षम असूनही प्रवाशासाठी धोकादायक ठरते. तिची कार्यक्षमता हीच तिच्या वाढीचे कारण होती, हे मान्य करूनही हा निष्कर्ष टाळता येत नाही.

अशा वेळी कायदा कितपत उपयोगी पडतो? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० पासून प्रवाशांच्या हक्कांचे नियम केलेले आहेत. आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द झाल्यास प्रवासाच्या कालावधीनुसार ५ ते १० हजार रुपये, अथवा मूळ भाडे व इंधनशुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून द्यावयाची आहे. 'कमी असेल ती' या तीन शब्दांनी स्वस्त तिकीट काढणाऱ्याची भरपाईही स्वस्त झाली. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात भरपाई २५० ते ६०० युरो असून ती अंतरावर ठरते, तिकिटाच्या किमतीवर नाही. त्यामागील विचार असा की, खोळंब्याने होणारे नुकसान हे प्रवाशाच्या वेळेचे असते आणि स्वस्त तिकीट काढणाऱ्याचा वेळ स्वस्त नसतो.

समारोप

टपालाबरोबरचा जादा भार, महाराजाचा पाहुणा, रांगेतील नागरिक, ग्राहक आणि अखेर सामान्य माणूस अशी प्रवाशाची स्थित्यंतरे या निबंधात पाहिली. त्यांवरून असे दिसते की, प्रवाशाला मिळणारी वागणूक ही कंपनीच्या सौजन्यावर अथवा मालकीच्या प्रकारावर मुख्यत्वे अवलंबून नसते. सेवा कंपनीला बंधनकारक आहे काय आणि प्रवाशाच्या हाती पर्याय आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर ती ठरते. १९३२ मध्ये टपालाच्या कराराचे बंधन होते, १९४८ मध्ये परदेशी मार्गावर स्पर्धा होती, १९९३ मध्ये मुंबईत पर्याय होता. त्या त्या वेळी सेवा चांगली होती. जेथे दोन्ही नव्हते, तेथे महाराजाचे चित्र असो वा सामान्य माणसाचे, प्रवासी दुबळाच राहिला.

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आगाऊ घेतलेल्या तिकिटाची रक्कम उड्डाण होईपर्यंत स्वतंत्र व सुरक्षित खात्यात ठेवण्याचे अथवा तिचा विमा उतरविण्याचे बंधन कंपन्यांवर असावे. याने भांडवलाचा खर्च वाढेल आणि भाडे काहीसे चढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु सध्या हा खर्च नाहीसा झालेला नाही, तो बुडणाऱ्या कंपनीच्या प्रवाशावर एकरकमी पडतो, इतकेच. दुसरी, भरपाईचे प्रमाण तिकिटाच्या किमतीपासून वेगळे करून अंतर व खोळंब्याशी जोडावे.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. ठाणे जिल्ह्यातील प्रवाशाला आता दोन विमानतळांचा पर्याय मिळाला आहे. धावपट्ट्या वाढल्या, ही समाधानाची बाब होय. त्या धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या कंपन्या किती राहतात, आणि त्यांतील एखादी थांबली तर तिकीट काढून बसलेल्या माणसाचे पैसे कोठे असतात, हे मात्र धोरणकर्त्यांनीच ठरवावयाचे आहे.